कॉकपिटमधली गरमी, मध्येच तुटणारा इंटरकॉम आणि पायलटचं लक्ष : बहिणीसाठी विचारतोय

सिडकोकर

नमस्कार मंडळी, इथे ओझरच्या विमान कारखान्यातले आणि एअरलाइनचे बरेच लोक आहेत म्हणून विचारतोय. आम्ही नाशिकचे, माझी धाकटी बहीण सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स करतेय, इथून काही तासांवर एका फ्लाइंग स्कूलमध्ये आहे, नाव मुद्दाम घेत नाही कारण तिला अजून तिथंच शिकायचंय. सेसना १७२ वर शिकते. एप्रिलपासून तिला बहुतेक दुपारचेच स्लॉट मिळतायत, सकाळचे ज्यांची चेक राइड म्हणजे उड्डाणाची परीक्षा जवळ आलीय त्यांना जातात, ते एक वेळ समजू शकतो. पण बाहेर ४०-४१ डिग्री, विमान रॅम्पवर उन्हात उभं, एसीचा प्रश्नच नाही, आणि तिच्या बाजूचा हवेचा व्हेंट बाहेर ओढला तरी राहत नाही, आपोआप आत जातो, मग ती एक तर तो हाताने धरून बसते नाहीतर नाद सोडून देते.

दुसरं म्हणजे इंटरकॉम. सुरुवातीला व्यवस्थित चालतो आणि मग वीसेक मिनिटांनी इन्स्ट्रक्टरचा आवाज तुटायला लागतो, अर्धं वाक्य ऐकू येतं अर्धं नाही. मांडीवरचा टॅबही उन्हाने तापून काळा पडतो. तिने हे इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर ते म्हणाले सवय होईल, आम्हीही असंच शिकलो. इंटरकॉमचं लॉगबुकात लिहिलं तर खाली शेरा आला, तपासले, ठीक आहे.

मला काळजी वाटली ती तिच्या एका वाक्याने. ती म्हणाली, दादा, शेवटच्या अर्ध्या तासात विमान उडवता येतं, हात बरोबर चालतात, पण एटीसीने, म्हणजे रेडिओवरून सूचना देणाऱ्या टॉवरने, काही सांगितलं की कानाला ऐकू येतं आणि डोक्यात शिरत नाही, दोनदा विचारावं लागतं. एरवी ती फार तल्लख आहे, हे भाऊ म्हणून नाही सांगत. घरी आई म्हणते सोडून दे, बाबा म्हणतात एवढं कर्ज काढलंय आता थोडं सोसायला हवं. मला हे जाणून घ्यायचंय की गरमीने आणि असल्या बारीकसारीक बिघाडांनी पायलटच्या सावधपणावर खरंच किती फरक पडतो, का हे सगळं शिकतानाचं नेहमीचंच आहे? आणि तिने नेमकं काय करावं?

ओझर_शॉपफ्लोअर

तुझ्या बहिणीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पहिलं हे सांगतो. मी ओझरला एचएएलमध्ये इलेक्ट्रिकल साइडला होतो, आता रिटायर. नाशिकची फॅक्टरी १९६४ ला उभी राहिली तीच मुळात मिग-२१ साठी, इंजिनं कोरापूटला, एव्हियॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा आमच्याकडे. ते विमान आखलं थंड मुलखातल्या लोकांनी आणि उडायचं आपल्याकडे मे महिन्यात. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला तेव्हा टीव्हीवर सगळे वेगाबद्दल बोलत होते, मला मात्र टेस्ट फ्लाइट करून उतरलेल्या पायलटच्या ओव्हरऑलवर पाठीला सुकलेले मिठाचे पांढरे डाग आठवत होते.

कॉकपिट का तापतं ते समजून घे. वरची काच म्हणजे कॅनॉपी, तिच्यातून ऊन आत येतं आणि आतली गरमी बाहेर पडत नाही, उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी तापते तसंच. म्हणून आम्ही विमान बाहेर काढलं की कॅनॉपीवर कव्हर टाकायचो आणि पायलट बसायच्या आधी कूलिंग ट्रॉलीचा पाइप आत सोडायचो. तरी पट्ट्याच्या बकलला हात लागला की चटका बसायचा. जेटमध्ये थंड हवा येते ती इंजिनातूनच काढलेल्या दाबाच्या हवेपासून, आणि इंजिन जमिनीवर आयडलला असतं तेव्हा ती हवा कमी मिळते, म्हणजे पायलटला सगळ्यात जास्त गरमी लागते ती टॅक्सी करताना आणि रनवेच्या तोंडाशी वाट बघताना, उडायच्या आधीच. तुझ्या बहिणीच्या सेसनात तर हे काहीच नाही, तिथं मुख्यतः पंखाच्या मुळाशी असलेल्या व्हेंटमधून बाहेरची हवा येते तेवढीच, तीही विमान पळायला लागल्यावर. म्हणजे तो व्हेंट हीच तिच्या बाजूची मुख्य कूलिंग सिस्टीम आहे आणि तीच बंद आहे. हा बारीकसारीक बिघाड नाही.

आता इंटरकॉम. वीस मिनिटांनी तुटतो म्हणते ना ती, तिथंच सगळं आलं. सोल्डरचा सांधा सुटत आलेला असतो किंवा कनेक्टरची पिन सैल झालेली असते, थंड असताना टेकलेली राहते, तापली की धातू फुगतो आणि संपर्क तुटतो. विमान उतरून हँगरच्या सावलीत येतं, तास दोन तासाने कोणीतरी हेडसेट लावून हॅलो हॅलो करतो, तोपर्यंत सगळं गार झालेलं असतं, आवाज खणखणीत. मग तो लिहिणारच ठीक आहे म्हणून, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते ठीकच असतं. असला बिघाड पकडायला बॉक्स तापवून बघावा लागतो, आम्ही हॉट एअरचा ब्लोअर मारायचो सांध्यावर आणि मग गार करायचा स्प्रे मारून बघायचो की कुठल्या क्षणी जातो आणि येतो.

आणि मला असं वाटतं की तुझ्या बहिणीचंही नेमकं हेच होतंय. वर असताना लक्ष तुटतं, खाली येऊन पाणी पिऊन झाडाखाली बसली की पुन्हा तल्लख, मग इन्स्ट्रक्टर विचारतात काय झालं तर तिला स्वतःलाही वाटत असेल की काही नाही.

गांधीनगर_जुना

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी नाशिकच्या गांधीनगर एअरफील्डला ग्राउंड क्रूमध्ये होतो, आर्मी एव्हिएशनची चेतक चीता हेलिकॉप्टरं. समोर सगळी काच, एसी नाही. पोरं शिकली, पुढे सियाचीनपर्यंत उडवून आली. शरीराला सवय होते हे खरं आहे, पहिल्या आठवड्यात जो गडी लटपटतो तो तिसऱ्या आठवड्यात नीट असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायला लागलं तर ती पायलट होणार कशी? इंटरकॉमचं मात्र काकांशी सहमत, ते दुरुस्त व्हायलाच हवं, आमच्याकडे असल्या रेडिओवर मशीन वर गेलं नसतं.

डॉ_कॉलेजरोड

गांधीनगरवाल्या काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. उन्हाची सवय साधारण एक ते दोन आठवड्यांत होते. घाम लवकर यायला लागतो, जास्त येतो, घामातलं मीठ कमी होतं, नाडी कमी धावते. पण यात एक गोष्ट लोक विसरतात, सवय झालेल्या माणसाला घाम जास्त येतो म्हणजे पाणी जास्त लागतं, कमी नाही. म्हणजे सवय झाली म्हणून सोसायचं आणि पाणी तेवढंच प्यायचं हे उलटं गणित झालं.

आता लक्षाबद्दल. शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदय जोरात चालतं, आणि घामावाटे पाणी जातं. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के पाणी कमी झालं की एकाग्रता आणि थोडा वेळ लक्षात ठेवायची क्षमता घसरायला लागते. ६० किलोच्या माणसाला हे म्हणजे १.२ लिटर, आणि कडक उन्हात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. यात सगळ्यात आधी काय जातं हे बघण्यासारखं आहे. सरावाचं काम, म्हणजे हातात मुरलेलं काम, बराच वेळ टिकतं. जातं ते एका वेळी दोनतीन गोष्टींवर नजर ठेवणं आणि नवी माहिती डोक्यात धरून ठेवणं. तुमची बहीण म्हणते हात चालतात पण एटीसीचं डोक्यात शिरत नाही, एखाद्या पुस्तकातही इतकं नेमकं वर्णन सापडणार नाही. फ्रीक्वेन्सी, हेडिंग, उंची असे आकडे कानातून डोक्यात जाऊन दहा सेकंद थांबायला हवेत, तेवढीच जागा गरमीने खाल्लेली असते.

आणखी एक. उष्णतेत बसवून केलेल्या जुन्या प्रयोगांत असं दिसलं होतं की माणूस समोरचं मुख्य काम नीट करत राहतो पण कडेला लागणारे दिवे त्याला दिसेनासे होतात, नजर आणि लक्ष दोन्ही मध्यभागी आक्रसतं. आता कॉकपिटमध्ये बिघाडाची सूचना कुठे लागते? बहुतेक वेळा कडेला, एखादा छोटा दिवा, एखादी सुई. म्हणून गरमी आणि बिघाड हे दोन वेगळे प्रश्न नाहीत असं मी म्हणेन. बिघाड असलेल्या विमानात लक्ष जास्त लागतं आणि गरमीत ते कमी उरतं.

नाशिकबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे एक गैरसमज आहे की आपली गरमी कोरडी म्हणजे बरी. ४० डिग्री आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे घाम उडून अंग किती गार होऊ शकतं त्याचा अंदाज, २२-२३ च्या आसपास येतं, मुंबईत ३३ डिग्री आणि ७० टक्के असेल तर ते २८ च्या वर जातं. म्हणजे मुंबईत अंग गार होणं अवघड आणि या दृष्टीने आपल्याकडे सोपं, हे खरंय. पण इथं घाम आला आला म्हणेपर्यंत उडून जातो, शर्ट ओला दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही, दुपारी तीनला डोकं जड होतं आणि डोळ्यावर झापड येते तेव्हा कळतं. खानदेशाच्या बाजूला हेच आणखी तीव्र. शिवाय बंद काचेखाली थेट ऊन अंगावर असतं, ते वेगळं.

लष्करी विमानांसाठी याचे हिशोब कधीचे बसवलेत, अमेरिकन हवाई दलाने १९७० च्या दशकात फायटर इंडेक्स ऑफ थर्मल स्ट्रेस काढला, कोरडं आणि ओल्या बल्बचं तापमान घालून कॉकपिटमध्ये किती ताण येईल ते काढायचं, ठराविक आकड्याच्या वर गेलं की जमिनीवर पट्टे बांधून किती वेळ बसायचं यावर मर्यादा. आपल्याकडे बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन याच विषयांवर काम करते. तेव्हा हे कोणाच्या नाजूकपणाचं प्रकरण नाही. फायटर पायलटला तर पाणी कमी पडलं की जी-फोर्स, म्हणजे जोरात वळताना अंगावर येणारा भार, सहन करायची ताकदही घटते.

गांधीनगर_जुना

डॉक्टर, पाण्याचा मुद्दा पटला. आमच्याकडे वॉटर बॉटल भरून दिल्याशिवाय सोडत नसत, ते का ते आज नीट कळलं.

राइट_सीट

मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, माहेर इंदिरानगर. सिडकोकर दादा, तुमच्या बहिणीला एक प्रश्न आधी विचारा, सॉर्टीच्या म्हणजे उड्डाणाच्या दिवशी ती सकाळपासून किती पाणी पिते? मी खात्रीने सांगते उत्तर ऐकून तुम्हाला धक्का बसेल. आम्ही मुली शिकताना पाणीच पीत नव्हतो. विमानात सोय नाही, दीड दोन तासांची क्रॉस कंट्री म्हणजे लांबचं उड्डाण, एअरफील्डवरचं बाथरूम म्हणजे न बोललेलं बरं, आणि इन्स्ट्रक्टरला मध्येच उतरायचंय असं सांगायची लाज. मग सकाळी एक कप चहावर दुपारचं विमान उडवायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं २ टक्के असं विमानात बसायच्या आधीच गेलेलं असतं. यावर कोणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम आधी हे लिहिलं.

आता तिच्या बाकीच्या गोष्टी. सर्किट अँड लँडिंग, म्हणजे रनवेभोवती फेरी मारून पुन्हा पुन्हा उतरायचा सराव, चालू असेल तर दुपारचा स्लॉट आणखी वाईट, कारण हजार फुटाला साधारण २ डिग्री गार होतं आणि सर्किट असतं जमिनीपासून हजार फुटांवर, म्हणजे खाली ४१ तर वर ३९, त्यात दर सातआठ मिनिटांनी परत खाली. क्रॉस कंट्रीला निदान वर गेल्यावर श्वास घेता येतो. शिवाय तापलेल्या हवेत इंजिनाला आणि पंखांना दोघांनाही जोर कमी मिळतो, टेकऑफ लांबतो, दुपारचे थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे झोत, विमान हलवत राहतात, म्हणजे काम वाढतं तेव्हाच डोकं थकलेलं.

मोठ्या विमानातही हे संपत नाही हो. एटीआर या प्रोपेलरच्या प्रवासी विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, नसतं, जमिनीवर उजवं इंजिन त्याचा प्रोपेलर ब्रेकने थांबवून चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, त्यावर एसी चालतो. काही कारणाने ते करता आलं नाही आणि बाहेरून एसीची गाडीही नसली की प्रवासी पंखा मागतात आणि पुढे आम्ही काचेसमोर भाजत बसून आकडे टाकत असतो. त्या वेळी टाकलेला एक आकडा चुकला तर तो पुढे तासभर सोबत येतो, म्हणून अशा दिवशी मी प्रत्येक आकडा मोठ्याने वाचते आणि कॅप्टनकडून पुन्हा वाचून घेते. एमईएल म्हणून यादी असते, काय बंद असलं तरी निघता येतं आणि किती दिवसांत दुरुस्त करायचं, बी वर्गाला ३ दिवस, सी वर्गाला १० दिवस असं. ही यादी एकेका वस्तूचा विचार करते, पण चार किरकोळ वस्तू एकाच दिवशी बंद असतील आणि वर ४२ डिग्री असेल तर त्याचा एकत्र भार कोणावर पडतो हे बघायचं काम कमांडरचं, आणि तो नाही म्हणू शकतो. ड्युटीच्या वेळांचे नवे नियम आले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांची ४८ केली, फार चांगलं झालं, मनापासून सांगते. पण त्यात तास मोजले जातात, त्या तासांत कॉकपिट किती तापलं होतं ते नाही.

बिघाड लक्ष कसं खातो यावर दोन अपघात तिला वाचायला सांगा. पहिला २९ डिसेंबर १९७२ चा, ईस्टर्न एअरलाइन्स ४०१, मायामीजवळ. नोज गिअरचा एक छोटा बल्ब गेलेला, चाक उतरलंय की नाही ते कळेना, सगळे त्या बल्बच्या मागे लागले, तेवढ्यात ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं आणि २,००० फुटांवरून विमान हळूहळू खाली येत दलदलीत गेलं. उंची सुटल्याची घंटाही वाजली होती. १०१ माणसं गेली. विमान धडधाकट होतं, लक्ष एका बल्बने पळवलं.

दुसरा तर या धाग्याच्या विषयाचाच आहे. १४ ऑगस्ट २००५, हेलिओस ५२२, लार्नाकाहून अथेन्सकडे. मेंटेनन्समध्ये प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर ठेवला गेला आणि निघताना कोणाच्या लक्षात आला नाही. वर चढताना भोंगा वाजला, तोच भोंगा जमिनीवर टेकऑफची मांडणी चुकल्यावरही वाजतो, त्यांना तेच वाटलं. मग उपकरणं गार ठेवणाऱ्या सिस्टीमचा दिवा लागला, कारण विरळ हवेत कूलिंग पुरत नव्हतं, आणि कॅप्टन रेडिओवर इंजिनिअरशी त्या कूलिंगबद्दलच बोलत राहिला, सर्किट ब्रेकर कुठे आहेत हे विचारत राहिला. तोपर्यंत ऑक्सिजन कमी होत होता आणि डोकं मंद होतंय हे मंद झालेल्या डोक्याला कळत नाही. १२१ जण गेले. तिथं ऑक्सिजनची कमतरता होती, इथं गरमी आहे, मी दोन्ही सारखे म्हणत नाही, ऑक्सिजनची कमतरता मिनिटांत माणूस पाडते आणि गरमी हळूहळू. पण दोन्हीत हे सारखं आहे की ज्याचं लक्ष कमी होतंय त्याला आपण ठीक आहोत असंच वाटतं. म्हणून मी ठीक आहे का हा निर्णय वर गेल्यावर घ्यायचा नसतो. तो खाली, सावलीत, डोकं ताजं असताना घ्यायचा, व्हेंट चालत नाही आणि बाहेर ४१ आहे तर आज दुपारी सर्किट नाही, एवढं आधीच ठरलेलं असलं की वर असताना हिमतीचा प्रश्न येत नाही.

इन्स्ट्रक्टर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांचं आयुष्य त्याच कॉकपिटमध्ये जातं, दिवसात चार चार सॉर्टी करतात, खरं तर तिच्यापेक्षा ते जास्त तापलेले असतात. तिने हेही लक्षात घ्यावं की इंटरकॉम तुटतो तेव्हा तिला वाचवणाऱ्या माणसाचा आवाजही तुटतो.

सिडकोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितल्यावर लगेच फोन केला. पाणी किती पितेस विचारलं तर आधी गप्पच बसली, मग म्हणाली सॉर्टीच्या दिवशी उतरेपर्यंत जवळजवळ नाहीच. आई बाजूलाच होती, तिने फोन हातातून घेतला आणि पुढचा अर्धा तास मला काही बोलता आलं नाही. आईचं सोडून दे म्हणणं आता बंद झालंय, पण तिने ठणकावून सांगितलंय की बाथरूमचं लेखी मागा, सगळ्या मुलींनी सह्या करून.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. व्हेंट आणि इंटरकॉम दुरुस्त होईपर्यंत तिने दुपारचा स्लॉट नाकारला तर तिचे तास मागे पडतील, लायसन्सला २०० तास लागतात, हे तिला खातंय. आणि लॉगबुकात पुन्हा लिहिलं तर पुन्हा तोच शेरा येणार, मग लिहायचं तरी कसं?

राइट_सीट

तास मागे पडतात, खोटं कशाला सांगू. पण लेखी अर्ज करून सकाळचे स्लॉट आळीपाळीने मागायचे, एकटीने नाही, बॅचने मिळून, बहुतेक ठिकाणी हे ऐकतात कारण दुपारच्या सॉर्टीत त्यांचीही लँडिंगं जड होतात आणि टायर झिजतात. दुपारी उडावंच लागलं तर सर्किटऐवजी वर जाऊन करायचे व्यायाम मागावेत. आदल्या रात्रीपासून पाणी, सॉर्टीच्या आधी थोडं थोडं, ओआरएस सोबत, काचेला सनशेड, टॅबवर विसंबायचं नाही, कागदी नकाशा आणि आकडे लिहिलेली चिठ्ठी मांडीवरच्या नीबोर्डवर हवीच. एटीसीचं वाक्य पहिल्यांदा डोक्यात शिरलं नाही तर बिनदिक्कत पुन्हा विचारायचं, त्यात कमीपणा नाही. आणि एकाच सॉर्टीत दुसऱ्यांदा तसं झालं तर इन्स्ट्रक्टरला सरळ सांगायचं की मला उतरायचंय. स्कूलने काहीच ऐकलं नाही तर डीजीसीए या सरकारी विमान नियामकाकडे स्वेच्छेने सुरक्षेबद्दल कळवायची सोय आहे, तिचा वापर करायला घाबरू नये.

ओझर_शॉपफ्लोअर

स्नॅग, म्हणजे लॉगबुकातली बिघाडाची नोंद, कसं लिहायचं ते मी सांगतो, यात माझा जन्म गेला. तिने बहुतेक इंटरकॉम खराब असं दोन शब्दांत लिहिलं असणार. असं लिहिलं की तपासणारा चालू करून बघतो आणि सही करतो. त्याऐवजी लिहायचं की इंजिन सुरू केल्यापासून इतक्या मिनिटांनी, बाहेर इतकं तापमान असताना, उजव्या सीटचा आवाज डाव्या हेडसेटला तुटतो, डाव्याचा उजव्याला नीट जातो, हेडसेट अदलाबदल करून पाहिले तरी तसंच, उतरून गार झाल्यावर पुन्हा नीट. ही अदलाबदल तिने जमिनीवर खरंच करून बघावी, इन्स्ट्रक्टरला सांगून. त्यातच कळतं की दोष हेडसेटचा आहे, जॅकचा आहे का पॅनेलच्या मागचा. आणि शेवटी एक ओळ, कृपया दुपारी विमान उन्हात तापलेलं असताना, इंजिन चालू ठेवून तपासावे. एवढं लिहिल्यावर सावलीत हॅलो करून ठीक आहे लिहायला कोणाचाही हात थबकतो, कारण खाली त्याची सही असते. जमलं तर त्या इंजिनिअरला जाऊन भेट म्हणावं तिला, चहा पाजून विचारावं, तो बिचारा सहा विमानं एकट्याने सांभाळत असेल, त्यालाही असा नेमका धागा हातात मिळाला तर हवाच असतो.

व्हेंटचं स्नॅग वेगळं लिहायला सांग, वेगळ्या नोंदीत. एकाच नोंदीत दोन बिघाड लिहिले की एक दुरुस्त करून दोन्हीवर सही पडते, आणि व्हेंट तसाच राहतो.